तीन नंबरची जाळी

१

आमच्या डिस्टिलरीत विडी ओढणाऱ्याला नोकरी न्हाई आणि देवाला दिवा न्हाई. टाक्यांच्या कुंपणाच्या आत उदबत्तीसुद्धा चालत न्हाई. नव्या माणसाला हे ऐकून हसू येतं. मी गहिनीनाथ, इथला फिटर. घाटनांदूरकडं जाणाऱ्या रस्त्याला साखर कारखाना हाय, त्याला लागून ही डिस्टिलरी. मळीपासून इथेनॉल होतं, मोठ्या टाक्यांत साठतं आणि टँकरनं जातं. त्या टाक्यांच्या डोक्यावर जे काही बसवलेलं हाय ते माझ्या हाताखालनं गेलेलं हाय.

त्यात माझा जीव अरेस्टरवर. टाकीला श्वास लागतो. भरताना ती आतली वाफ बाहेर सोडती, रिकामी होताना बाहेरची हवा आत ओढती. त्या श्वासाच्या वाटेवर, टाकीच्या माथ्यावर, एक लोखंडी डबा असतो, वर टोपी असलेला. त्याला अरेस्टर म्हणायचं. डब्याच्या पोटात जाळी. आमी जाळी म्हणतो, पण ती चाळणी न्हवं. पत्र्याची कागदाएवढी पातळ पट्टी चुण्या पाडून सतरंजीच्या वळकटीगत घट्ट गुंडाळलेली, आणि त्या चुण्यांमधनं आरपार जाणाऱ्या हजारो बारीक वाटा. त्यातनं वाफ जाती, हवा जाती, आग मात्र जात न्हाई. बाहेर ठिणगी पडून टाकीच्या तोंडाशी वाफ पेटली, तरी ज्योत त्या वाटांत शिरली की पत्रा तिची सगळी ऊब पिऊन टाकतो आणि ती तिथंच मरती. ना पाणी, ना वीज, ना राखण करायला माणूस. ज्यानं कुणी ही हिकमत काढली त्याचे पाय धुऊन पाणी प्यावं, असं मला वीस वर्षं वाटत आलंय.

पण जोडणाऱ्याचा हात चुकला तर सगळं फुकट. कुणी कचरा काढायला तार घुसवली आणि एक वाट रुंद झाली, न्हाई तर सांध्यात दाबून बसवायचं गॅस्केट वाकडं बसलं आणि कडेला फट राहिली, तर आगीला तेवढं पुरे. पहिल्यांदा टाकी भरताना माथ्यावर जाऊन, सांध्याला साबणपाणी लावून, फुगा येतो का ते बघायचं काम मुंजाजीचं. मुंजाजी माझा साडू. त्याची बायको शिवकन्या आणि माझी बायको सख्ख्या बहिणी. माझ्या हातनं फट राहिली तर पहिला जाणार तो, आणि मग मला घरात तोंड दाखवायला जागा न्हाई. तो चेष्टेत म्हणायचा, साडूभाऊ, शिवकन्याचं कुंकू तुमच्या पान्याला चिकटलंय, पाना जपून ठेवा. आमी दोघं हसायचो. मी आतनं कधीच हसलो न्हाई.

२

गळिताच्या तोंडावर तीन नंबरची टाकी रिकामी केली, वाफेनं धुतली आणि खालचं मॅनहोल उघडं ठेवून वारा खेळवला. मी अरेस्टर खोलला, जाळी खाली आणली, धुतली, लांबून हलकी हवा मारली. मग ती सूर्याकडं धरून डोळा लावला आणि हळूहळू फिरवत गेलो. सगळीकडनं सारखा उजेड आला पाहिजे. आला. वरची बाजू वरच राहावी म्हणून तिच्या कडेला माझा पांढरा ठिपका असतो, तो बघून जाळी बसवली, नवं गॅस्केट घातलं, नट हातानं फिरवून टेकवले. आता आवळायचं. एक नट थोडा, मग त्याच्या बरोबर समोरचा, मग आडवा, मग त्याच्या समोरचा. असं फेरी-फेरीनं, टॉर्क पान्यानं. ठरलेला जोर आला की हा पाना 'टक' करतो, तिथं हात थांबवायचा.

तेवढ्यात खालनं हाक आली. त्या दिवशी खंडेनवमी होती. आमचे वर्क्स मॅनेजर मोहनराव सोवळं नेसून पूजेला बसले होते आणि टॉर्क पाना पाटावर पाहिजे म्हणून अडून बसले होते, कारण वर्कशॉपात त्याच्याएवढं भारी हत्यार दुसरं न्हाई. आता हत्याराला एकदा हळदकुंकू लागलं की दसरा उलटेपर्यंत त्याला हात लावायचा न्हाई, हा आमच्याकडचा रिवाज. तो मोडायची कुणाची छाती न्हाई, माझी तर न्हाईच. टाकी रिकामी होती, घाई नव्हती. मी नटांना लाल चिंधी बांधली. काम अर्धवट हाय अशी ती आमची खूण. पाना घेऊन उतरलो. पूजा झाली, वर्कशॉपला कुलूप लागलं, किल्ली माझ्या कमरेला.

सेफ्टीच्या पंचशीला मॅडम तवा रजेवर होत्या. दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिन असतो, त्या आईला घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर गेल्त्या. त्या असत्या तर अर्ध्यावर काम ठेवू दिलं नसतं, आणि मोहनरावांनी पाटावर हातोडी पुजली असती.

३

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी हळद लागलेला पाना घेऊन मी वर गेलो. चिंधी जागेवर नव्हती. कुणीतरी ती सोडून, व्यवस्थित घडी करून, टोपीच्या आडोशाला ठेवली होती.

मी पहिल्या नटाला पाना लावला. नट हलायच्या आधीच टक. समोरच्याला लावला, टक. मी एकेक करत सगळ्यांवरून फिरलो. तमाम नट ठरलेल्या जोरावर आवळलेले, एकात आणि दुसऱ्यात केसाचा फरक न्हाई.

पहिला संशय मुंजाजीवर गेला, कारण असली चेष्टा तोच करू शकतो. खाली येऊन त्याला धरलं. तो म्हणाला, साडूभाऊ, दोन दिवस आपण दोघं तलवाड्याला सासऱ्याच्या ओसरीवर पत्ते कुटत होतो, डोकं ठिकाणावर हाय का तुमचं. खरंच होतं ते. वर्कशॉपचं कुलूप मी सकाळी माझ्या हातानं काढलं होतं, आणि दुसरा टॉर्क पाना आमच्याकडं न्हाई. वॉचमनला विचारलं तर त्यानं आईची शपथ घेतली, कुंपणाच्या आत चिटपाखरू गेलं न्हाई म्हणाला.

मॅडमचा एक नियम हाय. जे तुमच्या हातानं आवळलेलं न्हाई, ते खोला. मी खोललं. जाळी उचलली. ठिपका वरच होता. वरची बाजू मी धुतली तशीच लख्ख. मग मी ती उलटी केली. खालची बाजू काळी होती, मधोमध तापलेल्या पत्र्यासारखी निळसर.

आग बाहेर लागली तर जाळी वरून काळी होती. खालनं काळी झाली म्हणजे आग टाकीच्या आत होती. टाकीत होतं काय तर धुतलेलं लोखंड आणि वारा. आणि आत पेटण्याजोगं काही असतंच, तर टाकीचं छप्पर घाटनांदूर स्टेशनात सापडलं असतं. मी काजळीला बोट लावलं. ती बोटाला आली. ताजी होती.

४

मॅडम नागपूरहून थेट कामावर आल्या. मूळच्या अंबाजोगाईच्या त्या, इंजिनियर झाल्या, मोठ्या शहरात नोकरी केली आणि परत आल्या. त्यांचं मला काय आवडतं सांगू? त्या कुणाला खोटं ठरवायला निघत न्हाईत. मी सांगितलं ते त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही हसल्या न्हाईत. मग गॅस मीटर मॅनहोलातनं आत सोडला, वरून सोडला, मध्यावर सोडला. वाफ शून्य. बॅटरी मारून आत बघितलं. आत शिडी न्हाई, खांब न्हाई. तळ ताटासारखा स्वच्छ, आणि छपराला आतनं कुठं जळल्याचा डाग न्हाई. काळी होती ती फक्त जाळी.

त्या म्हणाल्या, परत धुवा, परत बसवा, नट हातानंच टेकवा आणि पाना खाली आणा. आपण दोघं इथं बसू. मी विचारलं, कशासाठी? त्या म्हणाल्या, एकदा झालं ते समजत नाही, दुसऱ्यांदा होताना बघितलं पाहिजे.

तसं केलं. दुपार झाली. टाक्यांच्या कुंपणाबाहेर लिंबाच्या सावलीत आमी डबे सोडले. जिना समोर दिसत होता, टाकीचा माथा दिसत होता, त्यावर अरेस्टरची टोपी. मधी पाना ठेवलेला, भाकरीच्या फडक्यावर. मॅडमच्या आईनं नागपूरची संत्रा बर्फी दिलती, ती त्या माझ्या पुढं सरकवत होत्या.

वरून टक असा आवाज आला.

मी पान्याकडं बघितलं. तो फडक्यावर होता, त्याच्या मुठीवर मुंगी चढत होती. थोडा वेळ गेला. पुन्हा टक. मग तेवढाच वेळ, आणि पुन्हा. उन्हानं पत्रा वाजतो, मला ठाऊक हाय. ऑक्टोबरच्या उन्हात सगळ्या टाक्या कुरकुरतात. पण पत्रा कसाही वाजतो, त्याला फेरी नसती. हा आवाज एका कडेनं यायचा, मग समोरच्या कडेनं, मग आडवा, मग त्याच्या समोरनं. फेरी संपली की थोडा थांबायचा, जसा मी घाम पुसायला थांबतो.

मॅडमच्या हातात बर्फीचा तुकडा तसाच होता. त्या हळूच म्हणाल्या, "क्रम बरोबर आहे."

५

वर गेलो. वर चिटपाखरू नव्हतं. नट आवळलेले.

एक गोष्ट सांगतो, लाज वाटत न्हाई मला. भीती वाटायच्या आधी मला त्या कामाचं कौतुक वाटलं. गॅस्केट कडेनं सगळीकडं सारखं दबलं होतं, कुठं जास्त न्हाई, कुठं कमी न्हाई. मी आयुष्यभर हेच काम केलं, पण माझ्या जोडणीत शेवटच्या नटाला नेहमी थोडी ओढ राहती. इथं ती नव्हती. इतकं देखणं काम मी कुणाच्या हातनं बघितलं नव्हतं. त्या हाताचा मला हेवा वाटला, आणि मग आठवलं की वर कुणीच गेलं नव्हतं.

मॅडमनी टोपी काढायला लावली. म्हणाल्या, आरपार बघू. खाली मॅनहोल उघडं हाय, त्याचा उजेड जाळीतनं वर यायला पाहिजे, पण एवढ्या उन्हात तो दिसणार न्हाई. मग आमी ताडपत्री डोक्यावरून ओढून घेतली आणि भर दुपारी अंधार केला. ताडपत्रीखाली जीव घुसमटत होता. मी जाळीला डोळा लावला.

हजारो बारीक छिद्रं, प्रत्येकात करडा उजेड. सगळीकडं सारखा. मी सुस्कारा सोडणार, तेवढ्यात एका कडेची छिद्रं विझली. मग त्यांच्या शेजारची. अंधाराचा एक गोळा जाळीच्या खालून सरकत आला, मधोमध येऊन थांबला, आणि हळूहळू फिरायला लागला. घाई नव्हती त्याला. कडेकडेनं जायचा, जरा थांबायचा, पुढं सरकायचा. मी जाळी सूर्याकडं धरून बघतो ना, अगदी तसा. मी वरून खाली बघत होतो आणि खालनं कुणीतरी वर बघत होतं, तपासत होतं.

मी मागं सरकलो तो जिन्याच्या कठड्यावर आदळलो. मॅडमनी काही न विचारता माझ्या जागी डोळा लावला. दुसरा कुणी असता तर पळाला असता. त्या हलल्या न्हाईत. दोन्ही हात डब्यावर टेकवून त्या किती तरी वेळ बघत राहिल्या. मग ताडपत्रीतनं बाहेर आल्या.

"आपलं काम बघतंय ते," त्या म्हणाल्या.

खाली धावत जाऊन मॅनहोलातनं बॅटरी मारली. टाकी रिकामी.

६

मोहनराव आले ते तापूनच. रोजचा माल साठवायच्या छोट्या टाक्या काठोकाठ भरल्या होत्या. तीन नंबर घेतली न्हाई तर प्लँट बंद करावा लागणार. त्यांचंही चुकीचं नव्हतं. ते म्हणाले, दोष सांगा. गॅस शून्य, गॅस्केट नवं, जाळी स्वच्छ, नट बरोबर. सांगा, अडवता कशावर?

आणि खरंच, मॅडमना सांगायला दोष नव्हता. काम इतकं बिनचूक होतं की त्यावर बोट ठेवायला जागा नव्हती. मुंजाजी साबणपाण्याची बादली घेऊन उभाच होता. म्हणाला, काम चांगलं हाय ना मॅडम, मग मी जातो की वर, मला कसली भीती.

मॅडम माझ्याकडं वळल्या. "गहिनीनाथभाऊ, ही जोडणी तुमची आहे का?"

मी हो म्हटलं असतं तर प्रश्न मिटला असता. ते काम माझं असतं तर मला किती अभिमान वाटला असता, हेही त्या घडीला मनात येऊन गेलं. पण मुंजाजी जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवून माझ्याकडं बघत होता.

"न्हाई," मी म्हणालो. "माझी न्हाई."

मग मॅडम मोहनरावांना म्हणाल्या, ज्या जोडणीला मालक नाही तिच्यापाशी मी माणूस उभा करणार नाही. आम्ही खोलून परत जोडतो, एका बैठकीत, पाना हातातनं न सोडता. मग भरा. मोहनराव कपाळाला हात लावून गेले, पण हो म्हणाले.

मॅडम जोडणी करून घेतात ती एका पद्धतीनं. त्यांनी पायरी बोलायची, मी ती परत बोलायची आणि मगच हात लावायचा. म्हणजे हात आणि डोकं दोन बाजूला जात न्हाईत. ठिपका वर, त्या म्हणाल्या. ठिपका वर, मी म्हणालो. काजळी पुन्हा आलीच होती, ती पुसली. गॅस्केट नवं घातलं. फेरी-फेरीनं आवळलं. सगळा वेळ वाटत होतं की आपण एखाद्या उस्तादाचं काम उसवून त्याच्या डोळ्यांदेखत आपलं बसवतोय. शेवटच्या नटाला ती नेहमीची ओढ राहिलीच. नियमात बसत होतं. पण मला ते ओबडधोबड वाटलं. मी प्रत्येक नटावर रंगाची रेघ ओढली, हलला तर कळावा म्हणून.

७

मॅनहोल बंद केलं, पंप चालू झाला. मुंजाजी वर गेला. मॅडमनी कुणी न सांगता फेसाची नळी जोडून घेतली होती आणि तिचं तोंड माझ्या हातात दिलं होतं. मोहनराव हसले होते त्याला.

टाकी भरायला लागली आणि तिनं श्वास सोडायला सुरुवात केली. मुंजाजीनं सांध्याला ब्रशनं साबण लावला, वाकून बघितलं, हात हलवून सांगितलं, फुगा न्हाई. मला देव भेटला.

मॅडम टोपीच्या पलीकडं कारखान्याच्या धुराड्याकडं बघत होत्या. एकदम म्हणाल्या, "धुराडं हलतंय." मी बघितलं. टोपीच्या वरची हवा थरथरत होती आणि तिच्यामागं धुराडं पाण्यात पडल्यागत डुलत होतं. इथेनॉलची आग उन्हात दिसत न्हाई. वर मुंजाजीनं हातातला ब्रश टाकून दिला आणि तो हात झटकायला लागला. टोपीवर आग बसली होती. ठिणगी कुठनं आली ते आजपर्यंत कुणाला कळलं न्हाई.

पंपवाला बंद करायला धावला, तर मॅडमनी त्याला ओरडून थांबवलं. आता पंप थांबला तर टाकीचा श्वास अडतो, ज्योत जाळीवर येऊन बसती. जाळी थोडाच वेळ दम धरती, तापली की संपली. म्हणून श्वास चालू ठेवायचा आणि वरून फेस मारायचा. एवढं सगळं ती बाई एका क्षणात बोलली. मी नळी उघडली. फेस वर जायचा, वारा तो उडवायचा. मुंजाजी कठड्याला धरून खाली बसला होता. हाका मारल्या तरी उठत नव्हता.

आणि त्या सगळ्या गोंधळात मला ऐकू आलं. टक. समोरनं टक. आडवं. त्याच्या समोरनं. माझ्या दोन्ही हातात नळी होती, पाना माझ्या पट्ट्याला लटकत होता. वर कुणीतरी माझी ओढ राहिलेली जोडणी आवळत होतं. मॅडमनी माझ्याकडं बघितलं. त्यांनीही ऐकलं होतं.

मग फेस बसला, धुराडं सरळ उभं राहिलं. मॅडमनी पंप थांबवला.

मुंजाजी जिना उतरायला लागला. हळू उतरत होता, एक हात पुढं करून, कुणी धरून आणल्यासारखा. शेवटच्या पायरीवर तो थांबला आणि समोरच्या रिकाम्या जागेला म्हणाला, "सोडा आता साडूभाऊ, उतरलो मी. हात लई गार हाय तुमचा."

मग त्यानं मान वळवली आणि मला नळी धरून उभा असलेला बघितलं.

टाकी दुसरीकडं रिकामी करून दुसऱ्या दिवशी आमी अरेस्टर खोलला. माझ्या रंगाच्या रेघा तुटल्या होत्या, प्रत्येक नट थोडा पुढं सरकला होता. आग वरून लागली होती, आमी डोळ्यांनी बघितलेली. जाळी वरून लख्ख होती आणि खालनं कोळसा. तिच्याखाली तवा टाकीत इथेनॉलची वाफ होती, आणि ती पेटली नव्हती. मॅडमनी जाळी हातात घेऊन लई वेळ उलटीपालटी केली आणि नवी बसवायला सांगितली. मला वर जायला त्यांनी बंदी घातली न्हाई. एकट्यानं जायला घातली.

८

गावात झालं असं की गहिनीनाथ आगीत शिरला आणि साडूला हाताला धरून खाली घेऊन आला. मुंजाजीनंच सगळ्यांना सांगितलं. मी न्हाई म्हणालो की लोक म्हणायचे, बघा माणूस किती साधा. खरं मला आणि मॅडमना ठाऊक होतं. आमी दोघंही त्यावर बोललो न्हाई.

दिवाळी झाल्यावर शिवकन्यानं निरोप धाडला, दाजी, एकटेच या. मी गेलो. ऊन कलतं होतं. मुंजाजीला तिनं गिरणीवर दळण घेऊन पाठवलं होतं. तिनं मला पाट दिला आणि समोर बसली.

मग म्हणाली, ते ओट्यापाशी आले की गॅस विझतो. आधी वाटलं गॅसच्या टाकीत खराबी हाय, बदलून आणली. मग अंगणात चूल पेटवली, तर ते शेजारी बसले आणि जाळ खाली बसला, नुसती लाकडं राहिली. दिवाळीत पणत्या लावत होते. एक पणती धरली, काडी ओढली, ती विझली. दुसरी ओढली. पोरं हसायला लागली, तेही हसले. माणूस धडधाकट हाय, जेवतो, कामावर जातो, पोरांना खांद्यावर घेतो. पण अंग गार, दाजी. रात्री कुशीवर वळले की मला जाग येती.

मग तिनं सरळ माझ्याकडं बघितलं.

"दाजी, खरं सांगा. तुमी वरून ज्याला खाली आणलं, तो आमचाच माणूस हाय ना?"

मी वर गेलो नव्हतो. मी कुणाला आणलं नव्हतं. त्या दुपारी जे जिना उतरून आलं त्याचा हात कुणी धरला होता ते मला माहीत न्हाई, आणि वर जो मुंजाजी गेला होता तोच खाली आला का, हेही मी छातीवर हात ठेवून सांगू शकत न्हाई. मला एवढंच ठाऊक हाय की ज्यानं कुणी ते काम केलं त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला होता, आणि त्यानं आम्हा सगळ्यांना त्या दिवशी वाचवलं.

"तुझाच हाय," मी म्हणालो.

ती मान हलवून उठली. ते यायच्या आत तुमाला ताजा चहा करते म्हणाली. गॅस पेटवला, आधण ठेवलं. ज्योत चांगली निळी, सरळ लागली. आमी दोघं तिच्याकडंच बघत होतो.

बाहेर सायकल टेकवल्याचा आवाज आला, मग चपलांचा. ज्योत एकदा खाली वाकली आणि विझली.

शिवकन्यानं बटन बंद केलं. पदरानं तोंड पुसलं. मग फळीवरचा थर्मास काढला, हल्ली ती सकाळीच भरून ठेवती, आणि दाराकडं बघत नेहमीच्या आवाजात म्हणाली, या, दाजी आलेत, आणि तिघांना चहा ओतला.